भाऊजींना दिसलं पाहिजे

केबलला तोंड आणि शेपूट असतं, हे मला ती सगळी अंथरून झाल्यावर कळलं.

प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीत, वरच्या बाजूला माझी लाइटची खोली आहे. तिथून खुर्च्यांच्या मधल्या वाटेने थेट भाऊजींच्या टेबलापर्यंत मी ती नेली होती. गुडघ्यांवर रांगत, थोडं थोडं अंतर सोडून वर काळी चिकटपट्टी मारत, म्हणजे कुणी अडखळून पडायला नको. मग मॉनिटर लावला, बटण दाबलं, आणि पडदा काळाच्या काळा. टेबलाखाली शिरले, चष्मा कपाळावर सरकवला, टोक नाकाला लावून बघितलं, तेव्हा प्लगवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं की हे टोक कॉम्प्युटरकडे. एवढ्या लांबीच्या केबलीत चित्र एकाच बाजूने वाहतं म्हणे, नळासारखं. आणि मी नळ उलटा बसवला होता. तिच्या जोडीला एक बारीक केबल बांधून आली होती, तिचं टोक वर लॅपटॉपमध्ये बसेना, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी त्या बारकीलाच दोष देऊन मोकळी झाले.

"वहिनी, झालं का?"

टेबलाखालून मला भाऊजींचे फक्त बूट दिसत होते. नवे होते. चावावेसे वाटले.

"होतंय."

"सकाळपासून होतंयच."

"मग तुम्ही या खाली. जागा करते."

बूट निघून गेले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्या नाटकमंडळीचे दिग्दर्शक. मंडळी म्हणजे निम्मं आमचंच घर. सासूबाई काम करतात, धाकटा मुलगा नाटक बसवतो, मोठा मुलगा, म्हणजे आमचे हे, सेट बांधतात, आणि लाइट माझ्याकडे. भांडायला आम्हाला कधी घराबाहेर जावं लागलेलं नाही. मी काही हे शिकायला कुठे गेले नव्हते. पूर्वीचा लाइटवाला कुणाच्या तरी लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही, त्याच्या जागी तात्पुरती म्हणून मी बसले, ती अजून तात्पुरतीच आहे. खटक्यांचं लाकडी पेटाड होतं तेव्हापासून ते आताच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं चुकत, जाळत, चटके खात शिकले. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत डोकवायची कुणाला गरज वाटली नव्हती. आणि आता, नव्या नाटकाचा पहिला प्रयोग तोंडावर आलेला असताना, भाऊजी एक मॉनिटर काखेत मारून आले.

"हा माझ्या टेबलावर लावून द्या. तुम्ही वर काय करताय ते मला इथं बसून दिसलं पाहिजे."

बोलणं साधंच होतं. त्यांनी कुठल्यातरी मोठ्या थिएटरात दिग्दर्शकापुढे असा पडदा बघितला होता आणि त्यांना तो आवडला होता. पण 'तुम्ही काय करताय ते' हे ऐकून माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला कुणी म्हणावं, जरा झाकण काढून दाखवा, तसं. राग होताच. पण त्याच्या तळाशी भीती होती, आणि खालून भीतीचा जाळ लागल्यामुळे राग उतू जात होता.

भीती एका दिव्याची होती.

नाटकात सासूबाई एका घरमालकिणीचं काम करतात. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे त्या वरच्या खोलीच्या खिडकीत उभ्या असतात. काळाकुट्ट अंधार होतो. पुन्हा उजेड येतो तेव्हा त्या खाली, भाडेकरूच्या टेबलाशी, हातावर हात ठेवून बसलेल्या. आत्ता वर होती, ही खाली कशी आली? भाऊजींचा सगळा जीव त्या अंधारात. "काळा म्हणजे काळा पाहिजे," असं ते तालमीत रोज म्हणायचे, जणू मी अंधारात पाणी घालते.

आणि त्या अंधारात सासूबाई जिना उतरतात. त्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, तेही नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं गेलंय. आणि उजेड कमी झाला की सगळंच जातं. डॉक्टरांकडे मी घेऊन गेले होते, म्हणून हे मला ठाऊक. बाहेर आल्यावर त्या फुटपाथवरच थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरांना सांगितलंस तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पीन."

धाकट्याला कळलं तर तो काम काढून घेणार, हे त्यांना माहीत होतं, मलाही. तो प्रेमानेच काढून घेईल, आणि तेच वाईट. भांडून घेतलेलं परत मागता येतं. आणि काम गेल्यावर त्या घरात काय करणार? त्या दिवसभर खिडकीत बसून माझ्या भाज्या चिरण्यावर बोलतील आणि वर्षभरात संपतील. हे मी अंदाजाने म्हणत नाही. मधे हाड मोडलं तेव्हा त्या घरी होत्या आणि मी ते बघितलं आहे.

म्हणून मी जिन्याच्या मधल्या फळीखाली एक छोटा दिवा अडकवला. वर निळा जिलेटिन कागद. अंधाराच्या क्यूमध्ये, म्हणजे त्या क्षणी दिव्यांना जो हुकूम जातो त्यात, सगळे दिवे शून्य, हा एक चार टक्के. चार टक्के म्हणजे प्रकाश नव्हेच, प्रकाशाची अफवा. हॉलमधून बघणाऱ्याला काही दिसत नाही, कारण त्याचे डोळे आधीच्या उजेडाने दिपलेले असतात. पण जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक पायरीची कड निळसर दिसते. सासूबाईंनी त्या दिव्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. तालमीला त्या वेळेत खाली पोचायला लागल्या, एवढंच.

पण माझ्या पडद्यावर दिव्यांचे चौकोन असतात, रांगेने. अंधारात सगळे चौकोन काळे पडतात आणि एकच उजळ राहतो, आत चारचा आकडा. जिन्यावर तो दिसत नाही. भाऊजींच्या मॉनिटरवर मात्र पाटीवरच्या खडूच्या ठिपक्यासारखा दिसला असता.

केबल उचकटून, उलटी करून, पुन्हा चिकटवेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. चित्र आलं. मग कॉम्प्युटरने विचारलं, हा दुसरा पडदा कसा वापरू? दोन्हीकडे एकच चित्र दाखवू, की दोन्ही पडदे मिळून एक लांब टेबल समजू? मी लांब टेबल निवडलं. क्यूंची यादी तेवढी ओढत ओढत भाऊजींच्या बाजूला नेऊन ठेवली: क्यूचा नंबर, नाव, किती सेकंदांत यायचा. दिव्यांचे चौकोन माझ्याकडे ठेवले. पाहुणे येणार म्हटलं की चांगलं तेवढं ओट्यावर मांडून बाकीचं फडताळात कोंबतो ना, तसं.

बारीक केबल राहिली होती. ती बोटाची. ती जोडली की मॉनिटर नुसता बघायचा राहत नाही, बोटाने चालतो. वर लॅपटॉपला मी ती सवयीने जोडली, पण खालचं टोक दुमडून टेबलाच्या पायाला चिकटवून टाकलं. बघायला दिलं होतं. बोट घालायला दिलेलं नव्हतं.

भाऊजी आले, खुर्ची ओढून बसले, मान वाकडी करून बघत राहिले.

"अक्षरं मोठी करा."

केली.

"तुमच्याकडेही असंच दिसतं?"

"साधारण."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे माझ्या पडद्यावर धूळ जास्त आहे. भाऊजी, मला कामं आहेत."

ते हसले. त्यांना माझ्या तोडून बोलण्याची सवय आहे, त्यामुळे मला खोटं बोलणं सोपं जातं.

मी मेकअपच्या खोलीत गेले. सासूबाई आरशासमोर बसून डोळ्यात थेंब घालत होत्या. मला बघून बाटली पावडरच्या डब्यामागे सारली, जणू मी परकी.

"भाऊजींनी टेबलावर मॉनिटर लावून घेतलाय," मी म्हटलं.

"मग?"

"मग त्यांना सगळे क्यू दिसतात. आई, आज रंगीत तालीम आहे, उद्या प्रयोग. आता तरी सांगून टाका. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. त्यांना दुसरीकडून कळलं तर..."

"काय सांगू? म्हातारी झाले म्हणून? ते त्याला दिसत नाही होय?"

"डोळ्यांचं सांगा."

"माझे डोळे, माझं मी बघीन."

"बघताय कुठे? तोच तर घोळ आहे!"

त्या आरशातून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणजे जिथं मी होते असं त्यांना वाटत होतं तिथं. मी एक पाऊल सरकून त्यांच्या नजरेत जाऊन उभी राहिले.

"बत्तीवाली," त्या म्हणाल्या, "तू तुझं काम कर. आणि जाताना दार लाव. बोंबलू नकोस, भिंती पातळ आहेत, तुझ्याच नवऱ्याने बांधल्यात."

मी दार लावलं. जरा जोरातच लावलं. भिंत हलली.

दुपारी तालीम सुरू झाली. मी वर माझ्या खोलीत होते, भाऊजी खाली टेबलाशी, मॉनिटरच्या उजेडात त्यांचा चेहरा निळा. पहिला अंक बरा चालला होता. सासूबाई वरच्या खिडकीत आल्या, अंधाराआधीचं वाक्य म्हणाल्या, मी क्यू दिला. काळोख झाला. माझ्या पडद्यावर चौकोन विझले, एकच राहिला.

आणि तो वाढायला लागला.

मी हात लावलेला नव्हता. माझा हात मांडीवर होता. बाण आपोआप त्या चौकोनावर येऊन बसला होता आणि आकडा वर चढत होता, चाराचे चाळीस, चाळिसाचे ऐंशी, आणि मग पूर्ण. काचेतून खाली बघितलं तर स्टेजवर जिना लख्ख पेटलेला. त्यावर सासूबाई. एक हात भिंत चाचपतोय, बोटं फाकलेली. एक पाय हवेत, न्हाणीघरात पाणी किती कढत आहे ते बघावं तसा पुढे काढलेला. तोंड उघडं. तो प्रकाश एकदम डोळ्यांवर आला तशी त्यांनी मान फिरवली, हवेतला पाय चुकला, आणि त्या घसरत खालच्या पायरीवर येऊन बसल्या.

मी हॉलचे सगळे दिवे लावले आणि माझ्या खोलीचा जिना कसा उतरले मला ठाऊक नाही.

झालं होतं ते असं. तालमीआधीच्या चहाच्या सुट्टीत भाऊजींच्या पायाला टेबलाला चिकटवलेली ती बारीक केबल लागली. त्यांना वाटलं, वहिनी घाईत जोडायची विसरली, आणि त्यांनी ती जोडून दिली. मला मदत म्हणून! मग अंधार झाल्यावर पुढचा क्यू बघायला त्यांनी यादीवर बोट ठेवून ती वर सरकवली. पण त्या बोटाचा पडदा कोणता हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने ते माझ्या पडद्यावरचं बोट समजलं. यादीत त्यांचं बोट जिथं होतं, नेमका तिथं माझ्याकडे तो चौकोन. ते यादी वर ढकलत होते, दिवा वर जात होता, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

मी पोचले तोवर सगळे स्टेजवर जमले होते. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, घोटा धरून. "काही नाही झालं," त्या म्हणत होत्या. "बाजूला व्हा, वारा येऊ द्या."

भाऊजी फळीखाली वाकून बघत होते. "हा दिवा कुणी लावला?"

आमचे हे हातोडा घेऊन विंगेत उभे होते. ते म्हणाले, "आहे तो. परवा स्क्रू आवळला मी त्याचा."

"तुला माहीत होतं?"

"स्क्रू ढिला होता एवढं माहीत होतं."

"मी लावला," मी म्हटलं.

भाऊजी उठले. माझ्याकडे, मग आईकडे, मग हॉलमधल्या मॉनिटरकडे बघितलं. ते काही मठ्ठ नाहीत. त्यांनी आईच्या बाजूला, कानाच्या रेषेत, हात नेला आणि दोन बोटं वर केली.

"आई, किती बोटं?"

"आईला बोटं दाखवतोस?"

"किती आहेत ते सांग."

"एक मुस्काटात बसली की मोजशील."

"तुला दिसत नाहीये."

"तुझं तोंड दिसतंय. त्याहून जास्त दिसायची मला हौस नाही."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. भाऊजींचा हात अजून तसाच वर होता. मग तो खाली आला. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "उद्या तू करायचं नाहीस. नाटकात तुझ्या बहिणीचं काम करणारीला तुझं पाठ आहे. ती करेल."

मला वाटलं होतं सासूबाई आता आकाशपाताळ एक करतील. त्या नुसतं पातळाचा काठ हातात घेऊन तो सरळ करत बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना गप्प बसलेलं बघितलं नव्हतं, आणि ते बघून माझं टाळकं असं फिरलं की मला समोरचं नीट दिसेना.

"पडली असती तर?" भाऊजी आता माझ्यावर वळले. "वहिनी, तुम्ही फसवलंत मला. यादी इकडे, दिवे तिकडे. हवं तेवढंच दाखवलंत!"

"हो. दाखवलं."

"का?"

"कारण तू हेच केलं असतंस! आत्ता केलंस तेच!"

लग्न होऊन आल्यापासून मी भाऊजींना तुम्ही म्हणत आले. मी उंबरठा ओलांडला तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तरी तुम्ही. त्या दिवशी ते तू कुठून आलं मला कळलं नाही. आमच्या ह्यांनी हातोडा खाली ठेवला.

"सगळ्या तालमींना ती तो जिना उतरतेय," मी म्हटलं. "आणि तू काय बघत होतास? घड्याळ. ती खाली पोचायला किती सेकंद लावते ते तुला तोंडपाठ आहे. कशी पोचते ते एकदा तरी विचारलंस? एकदा वर जाऊन अंधारात उभा राहिलास त्या फळीवर? मी काय करते ते दिसलं पाहिजे म्हणे! माझ्याकडे काय बघायचंय? मी खटके दाबते. बघायचं ते तिथं होतं, पायरीवर!"

"आणि मी काय करायचं?" तेही ओरडले. "इथं बसून ती कधी पडते ते बघायचं? आज पडली, मला दिसली! माझ्याच बोटाने पडली, वहिनी! उद्या त्या टेबलाशी बसून अंधारात मी काय करू?"

मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा पुन्हा राग आला.

विंगेतून कुणीतरी म्हणालं, दोघीजणी काळे कपडे घालून आईंना धरून उतरवतील.

"मला?" सासूबाईंना वाचा फुटली. "मी नटी आहे. कपाट नाही, दोघांनी धरून खाली उतरवायला. मी उतरेन तर एकटी उतरेन. नाहीतर हा म्हणतो तसं, घरी बसेन." 'घरी' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आमच्या ह्यांनी मान वळवली.

भाऊजी पायरीवर आईच्या शेजारी बसले. दोघं समोर बघत होते, रिकाम्या खुर्च्यांकडे. मीही बघितलं. मधल्या वाटेवरून माझी काळी चिकटपट्टी गेली होती, ती सरळसुद्धा नव्हती, आणि तिच्या टोकाला तो मॉनिटर क्यूंची यादी दाखवत उभा होता. एवढा खटाटोप कशासाठी, तर भाऊजींना दिसावं म्हणून.

"उठा," मी म्हटलं. "भाऊजी, उठा. चला टेबलाशी."

"कशाला?"

"चला म्हणते ना."

मी वर गेले आणि माझा सगळा राग त्या लॅपटॉपवर काढला. यादी ओढून माझ्याकडे परत आणली. भाऊजींच्या पडद्यासाठी नवीन कोरं पान काढलं. त्यावर एकच उभी पट्टी ठेवली, वरपासून खालपर्यंत, जिन्याच्या दिव्याची. दुसरं काही नाही. नंबर नाही, नाव नाही. अंधाराच्या क्यूमधून तो दिवा काढून टाकला. आता तिथं सगळं शून्य होतं, त्यांना हवा होता तसा काळा म्हणजे काळा. मग बोटाचा पडदा कोणता, ते कॉम्प्युटरला सांगायला घेतलं. तो आधी माझ्या पडद्यावर विचारतो, हा का? नाही म्हटलं. मग दुसऱ्यावर विचारतो, हा का? असेल तर बोट लावा.

"लावा बोट!" मी काचेची खिडकी उघडून ओरडले.

"कुठं?"

"मधोमध! एवढा वेळ लावतच होतात ना!"

त्यांनी बोट लावलं.

"आता ती पट्टी तुमची. माझ्याकडे तो दिवा नाही. मी अंधार करणार, पूर्ण अंधार. ती कुठल्या पायरीवर आहे, तिला किती लागेल, ते तुम्ही बघायचं आणि तुम्ही द्यायचं. जास्त दिलंत तर तुमचा चमत्कार जाईल. कमी दिलंत तर आई जाईल. तुम्हाला दिसलं पाहिजे होतं ना? घ्या."

मग स्टेजवरून सासूबाईंचा आवाज आला. "चला रे. मी वर जाते. माझा घोटा थंड व्हायच्या आत करून बघा."

भाऊजी मॉनिटरसमोर बसले आणि त्यांनी बाही वर केली.

पहिल्यांदा त्यांनी दिवा इतका उशिरा दिला की सासूबाई वरच थांबून राहिल्या आणि अंधारातून म्हणाल्या, "झोपलास का?" दुसऱ्यांदा बरं जमलं. तिसऱ्यांदा त्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि उजेड आला तेव्हा हातावर हात होता. बहिणीचं काम करणारीने टाळी वाजवली, तिला बिचारीला त्या कामाचा धसकाच बसला होता. भाऊजींनी कपाळ पुसलं आणि उद्याची वेळ सांगितली. कोण काय करणार हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला होता. सासूबाई खिडकीत आल्या, वाक्य म्हणाल्या, मी अंधार केला. काचेतून मला खाली भाऊजींची आकृती दिसत होती, पुढे झुकलेली.

दिवा आला. थोडा आला. आणि मग त्यांच्या हाताला भीतीने धरलं. पट्टी वर गेली, आणखी वर गेली. जिना निळा झाला. पायऱ्या दिसल्या, कठडा दिसला, सासूबाई दिसल्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसल्या. मी वर दात-ओठ खात होते. तो दिवा माझ्याकडे असता तर! मीच देऊन बसले होते. लॅपटॉपवरून ओढून परत घेता आला असता, हात पुढे गेलाही होता, पण खाली उतरणारी बाई मधल्या पायरीवर होती आणि आता काही हलवायचं नव्हतं. चमत्कार बोंबलला. लोक एका म्हाताऱ्या बाईला जिना उतरताना बघत होते. ती मान ताठ ठेवून, कठड्याला हात न लावता, एकेक पाऊल टाकत होती. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

मध्यंतरात मी खाली धावले. मेकअपच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आतलं बाहेर ऐकू येत होतं.

"एवढा उजेड? काय, माझी मिरवणूक काढलीस?"

"आई, हात थरथरला माझा."

"तुझा थरथरला? उतरत मी होते!"

"वहिनींनी ती पट्टी फार नाजूक ठेवलीय," भाऊजी म्हणाले. "जरा बोट लागलं की..."

"पट्टी नाजूक नाही," मी दारातूनच म्हटलं. "बोट रेड्याचं आहे."

"तू मधे बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळल्या. "हे बघ. उद्या निम्मा ठेव. आणि मी वरच्या पायरीवर पाय टेकायच्या आधी लाव, नंतर नाही. मधे वळण आहे तिथं जरा वाढव, मग उतरव. आज तिथं उलट केलंस. कळलं?"

"कळलं," भाऊजी म्हणाले. त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं, बोट हवेत वरखाली करत.

मी तिथं उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. इतक्या तालमी! इतक्या तालमी मी तो दिवा लावला, आणि या बाईने मला एका शब्दाने विचारलं नाही, निळा का, एवढाच का, वळणावर कमी पडतो का. आणि धाकट्याने एक दिवस बोट फिरवलं तर त्याला एवढ्या सूचना!

"आणि मला?" मी म्हटलं. "मला कधी काही सांगितलं नाहीत ते?"

त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी या वेळी सरकले नाही. शोधू दे म्हटलं.

"तुला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "तुझं चुकत नव्हतं." आणि पावडरचा डबा उघडला.

बाहेर दुसऱ्या अंकाची घंटा झाली. मी आमच्या ह्यांना वाटेत गाठलं, जिन्याची मधली फळी करकरते म्हणून त्यांनाच दोन शब्द ऐकवले, आणि तणतणत वर माझ्या खोलीत जाऊन बसले.